बाजारात तुरी

पॉम्पी आणि सीझर या दोन रोमन सेनानींच्या यादवी युद्धातली फार्सालसची लढाई वाचताना मला दरवेळी पॉम्पीचाच राग येतो.

इ.स.पू. 48 चा ऑगस्ट, ग्रीसमधलं थेसली. पॉम्पीकडे 45,000 पायदळ आणि 7,000 घोडेस्वार, सीझरकडे 22,000 आणि 1,000. (आकडे खुद्द सीझरचे आहेत, त्यामुळे जरा हातचं राखूनच घ्या.) समुद्र पॉम्पीच्या ताब्यात, सीझरची धान्याची मारामार. पॉम्पी नुसता बसून राहिला असता तरी भागलं असतं, आणि हे त्याला पक्कं कळत होतं!

पण छावणीत सिनेटर मंडळींची गर्दी, आणि त्यांना कोण घाई. डोमिशियस त्याला 'राजाधिराज अगामेम्नॉन' (ट्रॉयच्या युद्धातला ग्रीकांचा सरसेनापती) म्हणून डिवचायचा. फावोनियसला दुःख काय, तर यंदाही रोमजवळच्या तुस्कुलमची अंजिरं हुकणार. काहींनी रोममध्ये मोक्याची घरं भाड्याने घ्यायला माणसंसुद्धा पाठवली होती. सीझर समोर जिवंत उभा असताना त्याच्या मुख्य पुरोहितपदावरून तिघांची जुंपली. बाजारात तुरी, दुसरं काय!

शेवटी पॉम्पी लढायला उतरला. भिस्त सगळी लॅबिएनसच्या घोडदळावर, आणि हा लॅबिएनस म्हणजे पूर्वी गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) सीझरचाच उजवा हात. सीझरने उजव्या बगलेमागे सहा कोहोर्ट (पायदळाच्या तुकड्या) दडवून ठेवल्या होत्या. त्यांना हुकूम होता, भाला फेकायचा नाही, थेट तोंडावर रोखायचा. घोडेस्वार उधळले, त्यांच्या आडोशाचे तिरंदाज उघडे पडून कापले गेले, आणि पॉम्पीची डावी बाजू ढासळली. पायदळ अजून झुंजत होतं, तरी पॉम्पी सरळ आपल्या तंबूत जाऊन बसला.

'बिचाऱ्यावर दबाव होता' असं म्हणणारे भेटतात. मला नाही पटत. महिन्यापूर्वीच डिरॅकियमला (आजच्या अल्बानियातलं बंदर) यानेच सीझरला पिटाळलं होतं. अंजिरांसाठी हट्ट धरणाऱ्याला गप्प बसवायला याहून मोठा अधिकार कुठला लागतो? कळत असून मान डोलावली, हा त्याचा गुन्हा.

सीझरची माणसं छावणीत घुसली तेव्हा तंबूंत ताज्या हिरवळीचे तुकडे अंथरलेले होते, लेंटुलस या सिनेटरच्या तंबूवर आयव्हीच्या वेली चढवलेल्या, चांदीची ताटं मांडून तयार. डिरॅकियमला जंगली मुळं दुधात कालवून त्यांच्या भाकरी खाल्लेले हे शिपाई. ताटांकडे बघायलाही सवड नव्हती, सीझर मागून ओरडत होता, लूट राहू द्या, पाठलाग करा.