चालू इंजिनाचे चरित्र

जुने इंजिन विकत घ्यायला बाहेर पडलेल्या माणसाला आधी इंजिन दाखवत नाहीत, आधी त्याचे चरित्र ऐकवतात. पुण्याच्या नाना पेठेपासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत मी ही चरित्रे इतक्या भक्तिभावाने ऐकली आहेत की, या वाङ्मयप्रकारावर मला एखादे व्याख्यान सहज देता येईल. गाडी नेहमी डॉक्टरांची असते. डॉक्टर वयस्कर असतात, घर ते दवाखाना याखेरीज गाडी कुठेही नेत नाहीत, आणि इंजिनाला आजवर कोणाचा पाना लागलेला नसतो. मग एके दिवशी मागून ट्रक येऊन धडकतो. ट्रक मागूनच धडकावा लागतो, कारण तो समोरून आला तर विकायला इंजिन उरत नाही. एवढ्या डॉक्टरांच्या गाड्या ट्रकवाल्यांनी निकालात काढल्या असतील तर महाराष्ट्रातील रुग्णांचे पुढे काय झाले, हे कोणत्याच चरित्रकाराने मला सांगितले नाही.

माझी गाडी म्हणजे 2001 सालची होंडा सिटी व्हीटेक. ज्यांना गाड्यांचे वेड नाही त्यांना ती सोसायटीच्या कोपऱ्यात उभी असलेली एक ठेंगणी, जुनाट सेदान वाटते. ज्यांना आहे ते सिग्नलला काच खाली करून ‘विकायची आहे का?’ असे विचारतात. दीड लिटरच्या त्या इंजिनातून 106 अश्वशक्ती निघत असे, आणि त्या काळी आपल्या रस्त्यांवरील सर्वसामान्य माणसाच्या गाडीकडून एवढी अपेक्षा कोणी करत नसे. व्हीटेकची करामत अशी की, इंजिनाचे फेरे मिनिटाला पाच हजारांच्या आसपास पोहोचले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर एकमेकांत अडकतात, इनटेकचे व्हॉल्व्ह मोठ्या कॅमच्या तालावर अधिक उघडू लागतात आणि इंजिनाचा आवाज एकाएकी पालटतो. त्या आवाजासाठी मी पेट्रोलचे भाव वाचणे सोडले होते. 2003 मध्ये आलेल्या पुढच्या सिटीत तेवढ्याच दीड लिटरमधून 77 अश्वशक्ती काढून कंपनीने इंधन वाचवले, ज्याबद्दल देशाने तिचे आभारच मानले. मी मात्र त्या दिवसापासून जुन्याचा झालो.

मृत्यूचे कारण थोडक्यात सांगतो, कारण ते आठवले की अजूनही घशाशी येते. या इंजिनात पाण्याचा पंप टायमिंगच्या पट्ट्यावरच, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणाऱ्या पट्ट्यावरच, फिरतो. कात्रजच्या नव्या बोगद्याच्या पुढे पंपाचे बेअरिंग जाम झाले, पट्टा तुटला, आणि उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनना भेटले. आमच्या उस्तादांनी हेड उतरवले तेव्हा एका व्हॉल्व्हची तबकडी मोडून पिस्टनमध्ये रुतलेली होती आणि सिलिंडरच्या भिंतीवर नखाला लागतील एवढ्या खोल रेघा उमटलेल्या होत्या. बोअर वाढवता आला असता, परंतु त्या मापाचे पिस्टन कुठेच मिळेनात. उस्तादांनी हात पुसले आणि म्हणाले, “साहेब, आता दुसरे चालू इंजिन बघा.” ‘चालू’ या विशेषणावर मी तेव्हा विश्वास ठेवला.

इंजिने दुर्मीळ का, याचे उत्तर दिल्लीत आहे. राजधानी परिसरात 15 वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना बंदी झाली आणि त्यामुळे मायापुरीच्या भंगार बाजारात धडधाकट इंजिनांचा पूर आला. सन 2000 ते 2003 मधील सिटी गाड्यांची पंधरा वर्षे 2015 ते 2018 या काळात भरली. त्या पुरात ज्यांनी हात धुऊन घेतले त्यांच्या शेडमध्ये आज एकेक इंजिन ताडपत्रीखाली राखीव झोपलेले आहे, आणि मी निघालो तेव्हा पाणी ओसरून गाळ तेवढा उरला होता. चेन्नईच्या पुदुपेट्टैपर्यंत फोन करून पाहिले. तिथले डॉक्टर तमिळ होते, एवढाच फरक.

उस्तादांची परीक्षा घेण्याची पद्धत अशी की, ते चरित्र शेवटपर्यंत ऐकून घेतात, मान डोलावतात आणि मग खिशातून बॅटरी काढतात. पहिल्यांदा तेल भरण्याचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवायचे. पांढरट चिकट थर लागला तर पाणी तेलात गेले आहे आणि हेड गॅस्केटने राम म्हटला आहे. नंतर इनटेकच्या नळ्या तपासायच्या. एका इंजिनाच्या चारही नळ्यांवर बारीक भोके पाडून ती स्क्रूने बुजवलेली होती, याचा अर्थ डॉक्टर वर्षानुवर्षे गॅसवर हिंडले होते आणि कोरड्या गॅसने व्हॉल्व्हच्या बैठका खाऊन टाकल्या होत्या. “ये तो कंपनी से आता है,” असे चरित्रकाराने निर्विकारपणे सांगितले.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासू म्हटले तर गियरबॉक्स आधीच विकलेला असतो. स्टार्टर गियरबॉक्सलाच बसतो, त्यामुळे इंजिन फिरवणार कसे? अशा वेळी एक पोऱ्या क्रँकच्या बोल्टला पाना लावून ते हाताने फिरवून दाखवतो. कुर्ल्यातील पोऱ्याने ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोठ्या उत्साहाने फिरवले. त्या पिढीतील होंडाची ही इंजिने उलट्या दिशेने फिरतात. उस्ताद माझ्याकडे न पाहता शेडबाहेर चहा प्यायला निघून गेले.

सर्वांत देखणे इंजिन नाना पेठेच्या एका गल्लीत भेटले. धुऊन, पॉलिश करून, वरच्या झाकणावर व्हीटेकची अक्षरे झळकत असलेले. मी मनाने पैसे दिलेच होते. उस्तादांनी हेडच्या कडेने हात फिरवला आणि विचारले, “सोलेनॉइड कुठे आहे?” तेलाचा दाब ज्याच्या आज्ञेने रॉकरकडे जातो तो सोलेनॉइड तिथे नव्हता, त्यासाठी जागाही नव्हती. साध्या दीड लिटरच्या इंजिनावर व्हीटेकचे झाकण चढवलेले होते. विक्रेत्याला लाज वाटली असेल असे समजू नका. “साहेब, झाकण ओरिजिनल आहे,” असे तो म्हणाला, आणि हे संपूर्ण सत्य होते.

घरी या शोधाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी होती. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, इंजिनाची किंमत गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त आहे, आणि वीस वर्षांहून जुन्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण सरकारने 2025 मध्ये दहा हजारांवर नेले, तेव्हा सरकारलाही तेच सुचवायचे असावे. “अहो, निदान सरकारचे तरी ऐका!” याला उत्तर नव्हते. मी रात्री पांघरुणात शिरून मोबाइलवर इंजिनांचे व्हिडिओ पाहत असे. लाकडी ठोकळ्यावर ठेवलेले इंजिन बाटलीतल्या पेट्रोलवर धडधडताना पाहून मला जी हुरहुर वाटे ती त्यांना दुसऱ्याच प्रकारची वाटली असल्यास दोष माझा नव्हे, हेडफोनचा होता.

अखेर इंजिन मिळाले ते एका मितभाषी माणसाकडे, कोल्हापूरच्या बाजूला. गाडी मागून ठोकलेली खरोखरच समोर उभी होती, इंजिन अजून तिच्यातच होते आणि किल्ली फिरवताच सुरू झाले. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन 170 ते 180 पीएसआयच्या दरम्यान, म्हणजे अगदी निरोगी आले. मी न राहवून विचारले, “गाडी डॉक्टरांची का?” तो म्हणाला, “नाही. एका पोराची होती. लई पळवायचा.” एवढे वाईट चरित्र मी प्रथमच ऐकत होतो, त्यामुळे घासाघीस न करता पैसे मोजले. उस्ताद नंतर बराच वेळ माझ्याशी बोलत नव्हते; भाव निदान पाच हजारांनी पडला असता, असे त्यांचे मत आहे.

माझे मेलेले इंजिन गॅरेजमधूनच एका भंगारवाल्याने उचलले. मी बँकेत नोकरी करतो हे मी त्याला आपणहून सांगितले होते. तो टेम्पोत चढता चढता फोनवर कोणाला तरी सांगत होता, “हां, डॉक्टरसाहब की गाडी है.”

राहिली आरटीओतील नोंद. गाडीच्या आरसीवर चासी नंबराबरोबर इंजिन नंबरही असतो, त्यामुळे इंजिन बदलले की तो बदल नोंदवणे भाग असते. नंबर घासलेले इंजिन म्हणूनच कोणी फुकट दिले तरी घेऊ नये. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग वर्षानुवर्षे कसे विकले जात होते, हे ज्याने वाचले आहे त्याला कारण सांगायला नको. मी खरेदीची पावती, मूळ मालकाची कागदपत्रे आणि ब्लॉकवरील नंबराचा पेन्सिलने काढलेला ठसा, ज्यासाठी मला गाडीखाली आडवे व्हावे लागले, असा सारा संसार घेऊन उभा राहिलो. निरीक्षकांनी नंबर ताडून पाहिला आणि इंजिन सुरू करायला सांगितले. मी जरा जास्तच पाय दिला. फेरे पाच हजारांवर गेले, आवाज पालटला, रांगेतील दोन पोरांनी वळून पाहिले.

निरीक्षक क्षणभर थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “ॲव्हरेज किती देते?”

मी खरा आकडा सांगितला. त्यांनी काही न बोलता सही केली.