वर्म म्हणजे चिलखत? मग वर्मी लागतं कुठे?

‘वर्म म्हणजे चिलखत. म्हणजेच वर्मी घाव म्हणजे चिलखतावर आपटून फुकट गेलेला वार. पिढ्यान्‌पिढ्या आपण चुकीचं बोलतोय!’ हा मेसेज महिनाभर फिरत होता, मी दुर्लक्ष केलं. परवा देवगडला बहिणीकडे गेलो, तर भाच्याच्या निबंधात ‘वर्मी घाव’वर लाल काट आणि बाजूला शेरा: ‘अर्थ उलट’. आता गप्प बसवत नाही.

संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत, हे खरं आहे. तेवढं दिलं. पण मराठीतलं वर्म त्या घरचं नाहीच, ते ‘मर्म’चं रूप. प्राकृतात मन्मथाचा वम्मह झाला, तशीच ही म-वची अदलाबदल. आणि मर्म म्हणजे शरीरातली जिव्हारीची जागा. सुश्रुतसंहितेत अशा १०७ जागा मोजून दिल्यात. त्यातल्या १९ ‘सद्यःप्राणहर’, तिथे मार बसला की माणूस फार तगत नाही. आमची आजी नारळाच्या बरोबर शिरेवर कोयत्याची पाठ मारायची, एका फटक्यात दोन भकलं. मी दहादा हाणून करवंटीला नुसते पोचे. जोर माझाच जास्त होता, जागा तिला ठाऊक होती.

तरी पटत नसेल तर तुकोबांना विचारा: ‘कोणाही जीवाचा न घडो मत्सर । वर्म सर्वेश्वर पूजनाचें ॥’ इथे चिलखत घालून दाखवा बघू. सर्वेश्वराच्या पूजेचं चिलखत? तुकोबांना मराठी येत नव्हतं आणि मेसेजवाल्याला येतं, असं म्हणायचंय का?

त्याच मेसेजचा पुढचा मुद्दा, ‘घाव फक्त कुऱ्हाडीचा’. मग टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ते कुठल्या कुऱ्हाडीने? झालं.

मेसेजच्या शेवटी म्हणे ‘वर्मी’ हत्यारापुरतंच वापरावं, बोलण्याला लावू नये. आमच्या वाडीत गडग्यावरून दोन भावांचं वाजलं. कोयता कोणी उचलला नव्हता. धाकटा एवढंच म्हणाला, “आवशीक (आईला) शेवटचा पाणी कोणी पाजल्यान, तां सांग.” थोरला तीन चतुर्थ्या झाल्या, त्याच्या गणपतीला आलेला नाही.