पत्रा, सनरूफ आणि ह्युंदाई: एका तळेगावकरांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

ह्युंदाईची वाढ आणि तिच्या गाड्यांबद्दल मालकांचं मत, या माझ्या लेखावर तुम्ही ‘एक तळेगावकर’ या नावाने चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: कोरियन गाडी म्हणजे सनरूफ लावलेला पत्र्याचा डबा, अमेरिकेत यांची इंजिनं बसली आणि पोरांनी यूएसबी केबलने गाड्या पळवल्या, त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही, खप म्हणजे दर्जा नव्हे, आणि तळेगावात ह्युंदाईचा कारखाना आला म्हणून आपण टाळ्या पिटायच्या का? शेवटी विचारलंत, “स्वतःच्या पैशाने घ्याल का?” लेख भारतातल्या मालकांपुरता होता, म्हणून अमेरिका त्यात नव्हती. पण विषय काढलातच, तर नीट बोलू.

सुरुवात तुमच्या गावापासूनच करतो. तळेगावाला कोरियन गाडी नवी नाही. जनरल मोटर्सने (जीएम) २००८ मध्ये तिथे कारखाना सुरू केला आणि शेव्हर्लेचा बिल्ला लावून स्पार्क आणि बीट काढल्या. स्पार्क ही देवू या कोरियन कंपनीच्या मॅटिझचीच पुढची पिढी. बीटसुद्धा, जीएमने देवू ताब्यात घेतल्यावर, कोरियातल्याच अभियंत्यांनी घडवलेली. आता गंमत बघा. मॅटिझ आणि ह्युंदाईची सँट्रो भारतात एकाच वर्षी आल्या, १९९८ मध्ये. दोन्ही कोरियन, दोन्ही छोट्या. चालवायला मॅटिझ जास्त गोड होती असं शपथेवर सांगणारे लोक आजही भेटतात, आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण २००० मध्ये देवूचं दिवाळं निघालं आणि मॅटिझवाले सुट्या भागांसाठी दारोदार फिरू लागले. पुढे २०१७ च्या अखेरीस जीएमने भारतातली विक्री बंद केली, तेव्हा बीटवाल्यांना तोच घोर लागला. सर्व्हिस कोण करणार? विकायला काढली तर भाव काय येणार?

ह्युंदाईचा मालक “गाडी चांगली आहे” म्हणतो तेव्हा तो नुसत्या गाडीबद्दल बोलत नसतो. बारामतीत किंवा कणकवलीत गाडी बंद पडली तर पार्ट मिळेल, आणि पाच वर्षांनी एक्स्चेंजमध्ये बरी किंमत येईल, हेही त्यात धरलेलं असतं. याला तुम्ही गाडीचा दर्जा म्हणणार नाही. मालक म्हणतो. मला मालकाचं म्हणणं बरोबर वाटतं, कारण हप्ते तो भरतो.

आता खप आणि दर्जा. हे दोन वेगळे आहेत हा धडा खुद्द ह्युंदाईनेच फार महागात घेतलाय. १९८६ मध्ये तिने अमेरिकेत एक्सेल ही गाडी ४,९९५ डॉलरला आणली आणि पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या विकल्या. परदेशी कंपनीसाठी पदार्पणाच्या वर्षातला तो विक्रम होता. मग त्या गाड्या बिघडू लागल्या, गंजू लागल्या. नाव इतकं खराब झालं की ह्युंदाई हा अमेरिकेतल्या टीव्हीवर टिंगलीचा विषय बनला. कॅनडात क्यूबेकमधल्या ब्रोमाँटला १९८९ मध्ये सुरू केलेला कारखाना १९९३ मध्ये बंद करावा लागला. खप होता, दर्जा नव्हता. तुमचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू पडतं.

पण त्यानंतर जे झालं तेही बघायला हवं. १९९८ मध्ये कंपनीने अमेरिकेत जाहीर केलं की इंजिन-गिअरबॉक्सला दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची वॉरंटी देऊ. बिघडणारी गाडी बनवून असली वॉरंटी दिली तर कंपनी बुडते, त्यामुळे कारखान्याला सुधारण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. जे. डी. पॉवर या सर्वेक्षण संस्थेच्या नव्या गाड्यांच्या पाहणीत १९९८ मध्ये ह्युंदाईच्या शंभर गाड्यांमागे २७२ तक्रारी होत्या. २००४ मध्ये त्या १०२ वर आल्या आणि कंपनी होंडाच्या पंक्तीला जाऊन बसली. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा: ही पाहणी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांची असते. बटणं, फटी, आवाज, स्क्रीन, सीट. नव्वद दिवसांत डोळ्यांना आणि हाताला जे जाणवतं तेच तिच्यात उतरतं.

नव्वद दिवसांत न दिसणारं काय, ते ह्युंदाईच्याच थीटा-टू इंजिनाने दाखवलं. क्रँकशाफ्टच्या मशीनिंगनंतर राहिलेल्या धातूच्या कणांमुळे तेलाची वाट अडायची, कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजायची आणि चालू गाडीत इंजिन जाम व्हायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा परत बोलावल्या. २०१७ मध्ये ह्युंदाई आणि तिच्याच समूहातली किया मिळून आणखी सुमारे १२ लाख. मधल्या काळात कंपनीतलेच एक जुने अभियंते, किम ग्वांग-हो, कागदपत्रं घेऊन अमेरिकी सुरक्षा यंत्रणेकडे गेले. त्यांची नोकरी गेली. २०२१ मध्ये त्याच यंत्रणेने त्यांना दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून जास्त इनाम दिलं. रिकॉलला उशीर केल्याबद्दल ह्युंदाईवर १४ कोटी आणि कियावर ७ कोटी डॉलरचा दंड बसला. आपल्याकडच्या सँट्रो, आय टेन, क्रेटा या खपाच्या गाड्यांत ते इंजिन नव्हतं, त्यामुळे “अमेरिकेत इंजिन बसलं म्हणजे इथेही बसेल” हा तुमचा तर्क मला पटत नाही. पण कंपनीचा स्वभाव कळायला ते प्रकरण उपयोगाचं आहे.

त्याहून उपयोगाचं चोरीचं प्रकरण. गाडीला इमोबिलायझर असला की तिची स्वतःची चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. कॅनडात २००७ पासून तो कायद्यानेच बंधनकारक आहे, म्हणून तिथल्या ह्युंदाई-कियात तो होता. अमेरिकेत कायदा नाही. २०१५ सालच्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना तो मुळातच बसवलेला होता. ह्युंदाई-कियाच्या फक्त २६ टक्के गाड्यांना. स्वस्त, चावी फिरवून सुरू होणाऱ्या मॉडेलांतून तो गाळलेला. मिल्वॉकीतल्या पोरांना कळलं की स्टिअरिंगखालचं आवरण उचकटलं की यूएसबीच्या टोकाने गाडी सुरू होते, आणि टिकटॉकने ते देशभर पोहोचवलं. काही शहरांत विमा कंपन्या या गाड्यांचा नवा विमा उतरवेनात. शेवटी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी फुकट सॉफ्टवेअर दुरुस्ती काढावी लागली, शिवाय कंपनीवर स्टिअरिंगला लावायची लोखंडी कुलुपं वाटायची पाळी आली. ज्या गाडीच्या सीटबद्दल आणि स्क्रीनबद्दल मालक खूश होते, तीच ही गाडी.

तुम्ही यावरून ‘कोरियन माल हलका’ असा निष्कर्ष काढता. मला वेगळं दिसतं. एकाच कंपनीने एकाच काळात सीमेच्या एका बाजूला इमोबिलायझर दिला आणि दुसऱ्या बाजूला दिला नाही. तिला येत नव्हतं असं नाही. गिऱ्हाईक जे मागतं, तपासतं, तुलना करून बघतं, ते ही कंपनी कुणापेक्षाही लवकर आणि भरभरून देते. गिऱ्हाईक ज्याबद्दल विचारत नाही आणि कायदाही विचारत नाही, तिथे ती हात आखडता घेते. तिची वाढ आणि तिची बदनामी, दोन्हींचं मूळ मला या एका सवयीत दिसतं.

भारतात हेच झालं. मे १९९६ मध्ये कंपनी नोंदली, सप्टेंबर १९९८ मध्ये चेन्नईशेजारच्या श्रीपेरुंबुदूरजवळच्या कारखान्यातून सँट्रो बाजारात. बहुतेक परदेशी कंपन्या भारतीय भागीदार शोधत असताना ही एकटी आली. मारुती ८०० कार्ब्युरेटरवर चालत होती तेव्हा सँट्रोला मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन. उंच छप्पर, आत शिरायला वाकावं लागत नाही म्हणून घरातली ज्येष्ठ मंडळी खूश. आणि जाहिरातीत शाहरुख खान. पुढे आय टेन, आय ट्वेंटी, २०१५ मध्ये क्रेटा. प्रत्येक वेळी हिशोब तोच: शेजारच्या शोरूममध्ये जे मिळत नाही ते इथे बसल्याबसल्या दिसलं पाहिजे. सनरूफला तुम्ही हसता. उन्हाळ्यात मीही हसतो. पण मुलांनी त्यातून डोकं बाहेर काढावं म्हणून (हे कृपया करू देऊ नका) लाख-दीड लाख जास्त मोजणारे बाप आपणच.

आणि पत्रा? पत्रा अंगठ्याने दाबून किंवा दार आपटून आवाज ऐकून सुरक्षितता कळत नाही. बाहेरचा पत्रा हा अंगरखा. धडकेत जीव वाचवतो तो आतला सांगाडा, पट्टे आणि एअरबॅग. त्यामुळे ‘पत्र्याचा डबा’ ही शिवी चुकीच्या जागी लागते. पण खरी जागा आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने (गाड्या आपटून सुरक्षिततेचे पाचपैकी तारे देणारी संस्था) एअरबॅग नसलेली आय टेन आपटली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. त्या खेपेला अल्टो, नॅनो, फिगो आणि पोलोलाही शून्यच मिळालं, त्यामुळे एकट्या कोरियाला फासावर चढवू नका. पण २०२२ मध्ये क्रेटाला आणि आय ट्वेंटीला तीन तारे मिळाले आणि दोन्हींचा सांगाडा ‘अस्थिर’, म्हणजे आणखी मार न पेलणारा, ठरला, तेव्हा टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळून तीनहून जास्त वर्षं झाली होती. दहा-पंधरा लाखांच्या गाडीला हे शोभत नाही, आणि क्रेटाच्या खपावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही हे त्याहून शोभत नाही.

मग लोक शोरूममध्ये तारे विचारू लागले आणि कंपनी हलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने सगळ्या मॉडेलांच्या सगळ्या व्हेरियंटला सहा एअरबॅग देण्याचं जाहीर केलं. सरकारने सक्ती करणार नाही असं सांगून महिनाही झाला नव्हता. त्याच महिन्यात व्हर्नाला पाच तारे मिळाले. तरी अहवालात सांगाडा पुन्हा अस्थिरच. तारे मागितले, तारे मिळाले. सांगाडा अजून कोणी मागितलेला नाही.

मालकांच्या बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगतो: ड्राय क्लचचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स रांगत्या ट्रॅफिकमध्ये तापतो, सस्पेन्शन शहरात लोण्यासारखं पण हायवेवर जरा डुलतं, टर्बो पेट्रोल शहरात दणकून पितं. रिकॉलही होतात. २०२३ मध्ये बनलेल्या ७,६९८ क्रेटा आणि व्हर्ना तेलपंपाच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या होत्या. रिकॉल झाला म्हणून मी घाबरत नाही, गुपचूप मिटवला तर घाबरेन.

टाळ्यांबद्दल. २०२४ मध्ये ह्युंदाईने सुमारे २७,८७० कोटींचा आयपीओ आणला, तोवरचा भारतातला सर्वांत मोठा. ती सगळी विक्री मूळ कंपनीने आपल्याकडच्या शेअरची केली, म्हणजे पैसा कोरियात गेला. शिवाय विक्रीच्या साडेतीन टक्के रॉयल्टी चालूच. तळेगावचा कारखाना मात्र तिने जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात घेतला, जिथे डिसेंबर २०२० पासून एकही गाडी बनली नव्हती आणि चिनी ग्रेट वॉलचा सौदा वर्षानुवर्षं लटकून फिसकटला होता. आता तिथून नवी व्हेन्यू बाहेर पडतेय. टाळ्या नका वाजवू, पण बंद फाटकापेक्षा हे बरं. जीएमच्या काळातल्या कामगारांचे वाद तुम्हाला माझ्यापेक्षा जवळून माहीत असतील. त्यावर लिहाल तर वाचायला आवडेल.

राहिला शेवटचा प्रश्न. घेईन. पण डीसीटी नाही. रोज लोणावळ्याच्या कोंडीत अडकणार असाल तर तुम्हीही घेऊ नका. डिझेलचा साधा टॉर्क कन्व्हर्टर (जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक) किंवा मॅन्युअल बरा. भारत एनकॅपचा, म्हणजे आपल्याकडच्या तशाच चाचणीचा, निकाल त्याच मॉडेलचा आणि त्याच पिढीचा बघेन, भावंडाचा नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी पहिल्याच दिवशी घेईन. आणि सेल्समन सनरूफ उघडून दाखवायला लागला की त्याला सांगाड्याबद्दल विचारेन. उत्तर येणार नाही हे ठाऊक आहे; पण महिन्याला पन्नास जणांनी विचारलं की तो प्रश्न चेन्नईपर्यंत जातो, हे तारे आणि एअरबॅगच्या बाबतीत आपण बघितलंय.