आकाश डोक्यावर असतं हो, नाकासमोर नाही!

"दुर्बीण झेपत नसेल तर बायनॉक्युलर घ्या, एकदम सोपं!" हे अजून एकदा कुणी ऐकवलं ना, तर ते १०×५० बायनॉक्युलर (दहापट मोठं दाखवणारं, ५० मिलिमीटर भिंगांचं) त्याच्याच हातात देऊन अर्धा तास मान वर करून बसवीन. सोपं कुणाला? ज्याची मान मागे जाते त्याला. मी व्हीलचेअरवर असते, मानेचे मणके झिजलेत आणि ते बायनॉक्युलर जवळजवळ एक किलोचं आहे.

क्षितिजाजवळ काही असेल तोवर ठीक. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकतात, चित्र स्थिर राहतं. पण देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) डोक्यावर आली की कोपरं उचलावीच लागतात, आणि मग जे काही सुरू होतं ते बघवत नाही. दहापट मोठं दिसतं म्हणजे हाताची थरथरही दहापट. तारे कसले, नुसत्या गिचमिड रेघोट्या!

"मग ट्रायपॉड लावा ना." अरे, लावून बघा की एकदा! एक पाय फूटरेस्टला अडतो, दुसरा चाकाला. बायनॉक्युलर खमध्याकडे, म्हणजे थेट डोक्यावर, वळवलं की डोळे लावायची बाजू थेट जमिनीकडे. म्हणजे मी ट्रायपॉडच्या पोटात शिरायचं, चाकांसकट. वर कुणीतरी मोठ्या मनाने स्वतःच्या उंचीला लावून म्हणतं, "बघा, फोकस करून ठेवलंय." ट्रायपॉड खाली घेईपर्यंत नेम गेलेला असतो. पुन्हा शोधा.

आरामखुर्चीचा सल्ला तर पाठच झालाय. रेला म्हणे निवांत! त्या बुटक्या खुर्चीत मला उतरवणार कोण, काढणार कोण? आणि मृग बघून झाल्यावर सप्तर्षींकडे तोंड फिरवायला परत दोन माणसं बोलवू?

मांडीवर आरसा ठेवून खाली बघायचा जुगाडही करून झालाय. घरातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, त्यामुळे प्रत्येक ठळक ताऱ्याशेजारी त्याचं फिकट भूत उभं. त्यात चित्र उलटं, नकाशाशी काही जुळत नाही. शिवाय आरशावर दव!

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते यामुळे, की उपाय माहीत आहे. समांतरभुज चौकोनाचा स्टँड. चार पट्ट्या, चार सांधे, मागच्या टोकाला तोलाचं वजन. समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात, म्हणून बायनॉक्युलर वर घ्या, खाली घ्या, नेम हलत नाही. उभ्या माणसाने कृत्तिका बघायच्या, मग दांडा खाली ओढायचा, बसलेल्या माणसालाही त्याच कृत्तिका. शाळेतली भूमिती आहे ही! तरी तो कायम "हौशी लोकांची जास्तीची वस्तू", आणि आकाशदर्शनाला बघावं तर ओळीने ट्रायपॉड उभे. सगळे ताठ माणसाच्या डोळ्याइतके उंच.

परवाही तेच. पाऊण तास अंधारात डोळे सरावून बसले होते. नंबर आला तर एक उत्साही दादा म्हणतो, "ताई, तुम्ही बाजूला थांबा, तुम्हाला मोबाईलवर फोटो दाखवतो." आणि लावला की तो झगझगीत पडदा तोंडासमोर! डोळ्यांचा सराव गेला तो गेलाच.

देवयानीचा प्रकाश २५ लाख वर्षं चालत आलाय, दादा. शेवटच्या दीड फुटावर तुमचा स्टँड आडवा आला. फोटो खिशात ठेवा आणि स्टँड खाली घ्या.