दहा पिढ्या एका संध्याकाळी? अमेरिकन शेतकरी घराण्याचा माग असा लागत नाही

व्हॉट्सॲपवर आणि छोट्या व्हिडिओंत एक दावा सारखा फिरतो. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेत जन्म-मृत्यू, लग्नं, जमिनी सगळं पहिल्यापासून नोंदलेलं आहे. कुठलंही अमेरिकन कुटुंब घ्या, वेबसाइटवर आडनाव टाका, बोटीतून उतरलेल्या मूळ पुरुषापर्यंत दहा पिढ्यांचा वंशवृक्ष एका संध्याकाळी तयार. कागदात नातं लिहिलेलंच असतं. ही दप्तरं जिथे ठेवत ती कोर्टाची इमारत जळाली असेल तर मात्र विषय संपला. तरीही शंका राहिलीच तर थुंकीचा नमुना पाठवा, डीएनए निकाल लावतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांत आता सून किंवा जावई तिकडचे असतात. नातवंडांसाठी दोन्ही बाजूंचा वंशवृक्ष करायला घेतला की हा दावा प्रमाण मानून कामाला लागणारे बरेच भेटतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासू. उदाहरणाला अब्राहम लिंकनचं घराणं सोयीचं आहे, कारण त्याच्याआधीच्या पिढ्या म्हणजे सरहद्दीवर जमीन फोडत पुढे सरकणारं शेतकरी कुटुंबच.

‘सगळं पहिल्यापासून नोंदलेलं आहे’

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, गावांपुरतं हे बऱ्यापैकी खरं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये सतराव्या शतकापासून गावचा कारकून जन्म, लग्न, मृत्यू वहीत चढवत असे. दक्षिणेकडे आणि डोंगराळ सरहद्दीवर ती पद्धत नव्हती. व्हर्जिनियाने राज्यपातळीवर जन्म-मृत्यू नोंदवायला १८५३ मध्ये सुरुवात केली, १८९६ मध्ये ते बंद केलं आणि १९१२ मध्ये पुन्हा चालू केलं. पेनसिल्व्हेनियाची राज्य नोंदणी १९०६ पासूनची, नॉर्थ कॅरोलायनाची १९१३ पासूनची, साउथ कॅरोलायनाची १९१५ पासूनची. १७८० साली व्हर्जिनियातल्या शेनँडोआ खोऱ्यात जन्मलेल्या शेतकऱ्याचा सरकारी जन्मदाखला कधी लिहिलाच गेला नाही, तो सापडणार कुठून?

मग जनगणना पुढे केली जाते. पहिली संघीय जनगणना १७९० ची. पण १७९० ते १८४० या सहाही जनगणनांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं असतं, बाकीच्यांचे नुसते आकडे. १७९० च्या तक्त्यात १६ वर्षांवरचे गोरे पुरुष, १६ खालचे गोरे मुलगे, सगळ्या वयाच्या गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम एवढेच रकाने आहेत. त्या आकड्यांत मेहुणा असेल, सालदार असेल, अनाथ पुतण्या असेल. वंशवृक्षात मात्र ‘१६ खालचे मुलगे ४’ दिसले की चार पोरांची नावं घातली जातात. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५० पासून मिळतं, आणि कुटुंबप्रमुखाशी नातं सांगणारा रकाना तर १८८० पासूनचा. त्यामुळे १८५० च्या यादीत बाई ३० वर्षांची आणि थोरली मुलगी १९ ची दिसली, तर ती तिची आई धरू नये. बहुधा दुसरं लग्न आहे. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक तक्ते जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलेल्या आगीमुळे गेले, म्हणजे १८८० नंतर थेट १९००. मधल्या वीस वर्षांत जन्मून, लग्न करून सासरी गेलेली मुलगी माहेरच्या कुठल्याच यादीत सापडत नाही.

‘आडनाव टाका, वंशवृक्ष तयार’

वेबसाइटवर दिसतात ते बहुतांशी लोकांनी एकमेकांचे उतरवून घेतलेले वंशवृक्ष. एकाने अंदाजाने बाप चिकटवला की वर्षभरात तोच बाप शंभर ठिकाणी दिसतो, आणि शंभर ठिकाणी दिसतो म्हणून खरा वाटतो. हा उद्योग इंटरनेटच्याही आधीचा. गुस्ताव्ह आंजू (१८६३–१९४२) हा गृहस्थ श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकत असे. त्याच्या कारखान्यातले पूर्वज आजही वंशवृक्षांत सुखाने नांदताहेत.

आडनावाच्या स्पेलिंगचं तर विचारू नका. लिंकनच्या आजोबाने, म्हणजे कॅप्टन अब्राहमने, १७८० मध्ये केंटकीतल्या ४०० एकरांचं वॉरंट, म्हणजे जमीन मिळवायचा हक्कपत्र, १६० पौंडांना घेतलं. त्यावर नाव आहे ‘अब्राहम लिंकहॉर्न’. कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. जर्मन घराण्यांत झिमरमानचा कार्पेंटर झाला, म्युलरचा मिलर, कोखचा कुक. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतर-तपासणी केंद्रात अधिकाऱ्याने नाव बदललं ही कथाही इथे लागू नाही. ते केंद्र उघडलं १ जानेवारी १८९२ ला. त्याच्या दीडशे वर्षं आधी आलेल्या कुटुंबाचा त्याच्याशी काय संबंध? बंदरांवर उतारूंच्या याद्या ठेवायचा संघीय नियमसुद्धा १८२० पासूनचा. पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या जर्मनांच्या १७२७ पासूनच्या शपथयाद्या हा त्यातला मोठा अपवाद.

खुद्द लिंकनने डिसेंबर १८५९ मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात म्हटलंय की आपले पूर्वज पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतून (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) व्हर्जिनियात आले. न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी नातं जोडायचा प्रयत्न झाला, पण मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी नावं दोन्हीकडे सारखी आहेत, यापलीकडे काही हाती लागलं नाही. पुरावा नव्हता, तिथे लिंकन थांबला ते बरोबरच होतं. नातं पुढे कागदांनी जुळलं. त्यातला एक दुवा म्हणजे १७४८ चं खरेदीखत. राष्ट्राध्यक्षाचा पणजोबा जॉन हा पेनसिल्व्हेनियात विणकर होता. त्याने न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन विकताना आपण मृत मॉर्डेकाय लिंकनचा मुलगा आणि वारस असल्याचं खतात नमूद केलं. पेनसिल्व्हेनियाचा माणूस न्यू जर्सीची जमीन वारसाहक्काने विकतो आहे, म्हणजे बाप आधी तिकडे होता. तिथून मागे मॅसॅच्युसेट्स आणि १६३७ मध्ये हिंगमला आलेला सॅम्युअल लिंकन.

‘कागदात नातं लिहिलेलंच असतं’

लिहिलेलं असतं, पण आजच्या अर्थाने नव्हे. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ म्हणजे बाप-लेक असं धरून सगळ्यात जास्त वंशावळी बिघडल्या आहेत. एकाच परिसरात एकाच नावाची दोन माणसं असली की मोठा सीनियर, धाकटा ज्युनियर. ते काका-पुतणे असतील किंवा एकमेकांचे कुणीही नसतील. सीनियर वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो. ‘इन्फंट’ म्हणजे २१ वर्षांखालचा कुणीही. ‘ऑर्फन’ म्हणजे बाप गेलेला. आई ठणठणीत असू शकते.

मृत्युपत्रात सगळी मुलं असतात, हा असाच गैरसमज. ज्याला हयातीतच जमीन तोडून दिली त्याचं नाव गाळलं जाई, किंवा त्याला एक डॉलर लिहून ठेवत. तो डॉलर पाहून ‘बापाने बेदखल केलं’ असं लिहू नये. आणि मृत्युपत्र नसेल तर? व्हर्जिनियात १ जानेवारी १७८७ पर्यंत मृत्युपत्राविना वारलेल्या माणसाची जमीन थोरल्या मुलाकडे जायची. कॅप्टन अब्राहम १७८६ मध्ये मारला गेला, तेव्हा केंटकी व्हर्जिनियातच होतं. जमीन त्याच्या थोरल्या मुलाकडे, मॉर्डेकायकडे (वर आलेला मॉर्डेकाय वेगळा) गेली, धाकटा टॉमस, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा बाप, कोरडाच राहिला. धाकटे मुलगे बापाच्या जमिनीच्या कागदांत दिसत नाहीत, याचं हे एक मोठं कारण.

तारखाही जपून. १७५२ पर्यंत तिथे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, आणि अठराव्या शतकात कॅलेंडरही आजच्यापेक्षा ११ दिवस मागे होतं. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टनची जन्मतारीख जुन्या पद्धतीने ११ फेब्रुवारी १७३१/३२, नव्या पद्धतीने २२ फेब्रुवारी १७३२. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या १७५२ आधीच्या नोंदीतला ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. हे न कळल्यामुळे आईबापांच्या लग्नाआधीच जन्मलेली मुलं वंशवृक्षांत ढिगाने आहेत.

मग माग लागतो कशाने? मुख्यतः जमीन आणि कर. जुने फेरफार वाचायची सवय असलेल्याला हे काम परकं वाटणार नाही. विक्रेत्यांची आणि खरेदीदारांची अशा दोन सूची असतात; दोन्ही पाहायच्या, आणि प्रत्येक तुकडा हातात कसा आला नि कसा गेला हे दोन रकान्यांत मांडायचं. आलेला दिसतो पण गेलेला दिसत नाही, तिथे वारसा शोधायचा. तो बऱ्याचदा वीस वर्षांनंतरच्या एखाद्या खतात निघतो: सगळे वारस, जावयांसकट, आपापला हिस्सा एका भावाला विकतात. लग्न झालेल्या मुलींची सासरची नावं मिळायची याहून चांगली जागा नाही. नवऱ्याने जमीन विकली तर बायको आपला हक्क सोडायला हजर होते. तिच्या पहिल्या नावावरून एकाच नावाचे दोन जॉन मिलर वेगळे करता येतात.

चतुःसीमा कागदावर काढायची सवय लावावी. माप पोलमध्ये असतं: १ पोल म्हणजे साडेसोळा फूट, ४ पोल म्हणजे एक साखळी, ३२० पोल म्हणजे एक मैल, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. ‘पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पूर्व १२० पोल’ म्हणजे १,९८० फूट. सगळ्या बाजू काढून आकृती सुरुवातीच्या झाडाशी परत आली नाही, तर उतरवताना एखादी बाजू गळली आहे किंवा पूर्वेचं पश्चिम झालं आहे. शेजाऱ्यांचे तुकडे जोडत गेलं की नकाशा बनतो, आणि मग साक्षीदार, जामीन, शेजारी ही नुसती नावं राहत नाहीत. माणसं एकटी स्थलांतर करत नसत. पेनसिल्व्हेनियातले शेजारी व्हर्जिनियात आणि पुढे केंटकीतही शेजारीच सापडतात, त्यामुळे आपला माणूस हरवला तर शेजाऱ्याचा माग धरायचा.

करयादी वर्षागणिक वाचायची, एखादं वर्ष निवडून नव्हे. व्हर्जिनियात जमीन आणि जंगम मालमत्तेच्या याद्या १७८२ पासून मिळतात. केंटकीच्या याद्यांत १६ ते २१ वयाचे आणि २१ वरचे गोरे पुरुष वेगळे मोजलेले असतात. समजा, १७९४ ला जेकब मिलरकडे ‘१६ ते २१’ रकान्यात एक जण आहे. १७९५ ला तो रकाना रिकामा आणि ‘२१ वरचे’ दोन. १७९६ ला जेकब पुन्हा एकटा आणि पहिल्यांदाच जॉन मिलर: एक घोडा, जमीन नाही. हा जॉन १७७४ च्या सुमाराचा, जेकबच्या घरात वाढलेला. मुलगा असायची शक्यता मोठी, पण पुतण्याही असू शकतो, तेवढंच लिहायचं. यादी नावाच्या आद्याक्षराने लावलेली असली तरी कर नोंदवायला आल्याची तारीख असेल तर ती उतरवून घ्यावी, कारण एकाच दिवशीची माणसं बहुधा एकाच ओढ्याकाठची असतात.

‘कोर्ट जळालं, विषय संपला’

आधी त्या वर्षी ती जमीन कुठल्या काउंटीत होती ते पाहावं. सीमा सारख्या बदलत. व्हर्जिनियातला माणूस त्याच शेतावर राहून ऑगस्टा काउंटीचा रॉकब्रिज काउंटीत जाऊ शकतो, कारण रॉकब्रिज १७७८ मध्ये ऑगस्टा आणि बोटेटॉटमधून काढली. जुने कागद जुन्या काउंटीतच राहतात. लिंकनच्या आईबापांचं लग्न हे तर याचं नामी उदाहरण. दोघांचा संसार केंटकीतल्या हार्डिन काउंटीत, म्हणून शोध तिथे झाला, काही मिळालं नाही, आणि लग्न झालंच नव्हतं अशी कुजबुज चालली. नोंद १८७८ मध्ये वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात निघाली: १० जून १८०६ चा ५० पौंडांचा लग्नाचा बाँड, आणि १२ जूनला लग्न लावल्याचा पाद्र्याचा अहवाल. बाँड म्हणजे लग्न नव्हे, फक्त हमी. लग्नाची तारीख पाद्र्याच्या अहवालातून घ्यायची.

आणि खरोखर जळालं असेल तर? एप्रिल १८६५ मध्ये व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड जळालं, तेव्हा सुरक्षित राहावीत म्हणून तिथे पाठवलेली हॅनोव्हर, जेम्स सिटी अशा काउंट्यांची दप्तरं गेली. पण करयादीची एक प्रत राज्याच्या ऑडिटरकडे जात असे, ती आहे. जमिनीचे मूळ पट्टे राज्याच्या लँड ऑफिसात आहेत. मालकांनी घरची खतं आणून पुन्हा नोंदवली. वाटण्या-वारशाचे दावे चालवणाऱ्या चॅन्सरी कोर्टातल्या वारसांच्या भांडणांत तीन पिढ्यांची नावं एका फिर्यादीत मिळतात. स्वातंत्र्ययुद्धातल्या शिपायांची १८१८ आणि १८३२ च्या कायद्यांखालची पेन्शन प्रकरणं तर वॉशिंग्टनला सुरक्षित आहेत; विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून अर्जाला जोडलेली आहेत.

‘डीएनए निकाल लावतो’

नेहमीच्या चाचणीत पाच पिढ्यांमागचं जोडपं सामायिक असलेल्या दोन व्यक्तींत जुळणारा तुकडा सुमारे निम्म्या जोड्यांतच सापडतो. अठराव्या शतकातले पूर्वज सात-आठ पिढ्या मागे. त्यातून एकाच खोऱ्यात आपसात लग्नं होत राहिलेली, त्यामुळे जुळलेला तुकडा नेमका कुणाकडून आला ते सांगता येत नाही. वाय गुणसूत्र बाप-लेकांच्या सरळ ओळीपुरतं चालतं आणि भावाभावांत फरक करत नाही. राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसनला त्याची गुलाम सॅली हेमिंग्ज हिच्यापासून मुलं झाली का, या प्रकरणात १९९८ च्या चाचणीने एवढंच दाखवलं की सॅलीचा मुलगा एस्टन हेमिंग्ज याचा बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता; टॉमस जेफरसनवर बोट गेलं ते तारखा आणि कागदांमुळे. चाचणी घ्यायला योग्य ओळीतला जिवंत माणूसही लागतो. आईकडून मुलीकडे जाणाऱ्या डीएनएसाठी लागणारी लिंकनच्या आईची ओळ त्याची बहीण सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेली तिथेच तुटली, आणि त्याचा शेवटचा थेट वंशज १९८५ मध्ये वारला. आता नमुना घ्यायचा तर बाजूच्या शाखांतून, आणि त्या शाखा आधी कागदांनी सिद्ध कराव्या लागतात.

‘कुठलंही अमेरिकन कुटुंब’

हे तर सरळच खोटं. १८५० आणि १८६० च्या गुलामयाद्यांत मालकाचं नाव असतं, गुलामांचं बहुतांशी वय, लिंग आणि वर्ण एवढंच. मुक्त झालेल्या लाखोंची नावं पहिल्यांदा १८७० च्या जनगणनेत येतात. त्याआधी जायचं तर मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याची, म्हणजे फ्रीडमन्स ब्यूरोची (१८६५–१८७२), करारपत्रं आणि फ्रीडमन्स बँकेच्या (१८६५–१८७४) खातेनोंदी पाहाव्यात. खातेदाराच्या आईबाप-भावंडांची नावं, कधी जुन्या मालकाचंही नाव तिथे मिळतं. मालक कळला की त्याच्या घराण्याची मृत्युपत्रं, मालमत्तेच्या याद्या आणि वाटण्या वाचायच्या. या याद्यांत घोडे, नांगर, पितळेची भांडी यांच्या ओळीत माणसं पहिल्या नावाने आणि किमतीसकट लिहिलेली असतात. आई आणि तान्हं मूल अनेकदा एकाच रकमेत. पुढच्या वाटणीत ती नावं कुठल्या मुलाकडे, कुठल्या जावयाकडे गेली ते पाहायचं आणि शोध त्या जावयाच्या काउंटीत न्यायचा. म्हणून गोऱ्या शेतकरी घराण्याचा अभ्यास करणाऱ्याने अशी यादी उतरवताना ही नावं गाळू नयेत.