ऐंशी टक्के पोट

आम्ही दोघांनीही शंभरी गाठायची, असं भिशीत ठरलं. भिशीला मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवेचा डबा जागेवर नव्हता, तेव्हा ठराव कळला.

इंदुरात वरणभातावर शेव, पोह्यांवर शेव, भाजी बेताची झाली तर तिच्यात शेव. अशा गावात सौ.ने ओकिनावा नावाचं जपानी बेट आणून बसवलं. तिथली म्हातारी माणसं म्हणे जेवायला बसताना 'हारा हाची बू' म्हणतात आणि पोट ऐंशी टक्के भरलं की उठतात. आपल्याकडे यजमान म्हणतो, "लाजू नका, अजून एक घ्या!"

बरं, ऐंशी टक्के झाले हे ओळखायचं कसं? पोटाला स्कूटरसारखा काटा नसतो. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मी ताकभातापर्यंत आलेलो असतो. सौ.ने यावर तोड काढली. मी तिसरी पोळी मागितली की ती माझ्या पोटाकडे बघते, पोळीचा चतकोर मोडते आणि त्यावर तुपाचा चमचा नुसता फिरवून परत भांड्यात ठेवते. तूप चमच्यालाच राहतं.

जुन्या ओकिनावात लोकांच्या आहाराचा निम्म्याहून जास्त भाग रताळ्यांचा असे. म्हणून रताळी आली. मी म्हटलं, कंदच खायचा तर आपला गराडू काय वाईट? थंडीत सराफ्यात कढईतून निघालेला, वर जिरावण मसाला, लिंबू... "तळायचा नाही," सौ. म्हणाली. उकडलेला गराडू मी खाल्ला. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मग इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ आले. ते आयुष्यभर डोंगर चढतात, म्हणून आम्ही सकाळी फिरायला. पण इंदुरात सकाळी कुठल्याही दिशेला चाला, वाटेत पोह्यांचा ठेला येतोच. खाली पाणी उकळतंय, वर वाफेत पिवळी रास, शेजारच्या कढईत जलेबी. ठेलेवाला मला ओळखतो. "आज नहीं, भिया?" त्याने विचारलं. सौ.ने माझ्या वतीने नाही म्हटलं. लवकर झोपायचाही नियम निघाला. ज्या गावात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं मांडतात, त्या गावात!

मी थोडं वाचन करून उलट तपासणी घेतली. इटलीच्या एमा मोरानो ११७ वर्षं जगल्या, रोज कच्ची अंडी खाऊन. जपानच्या काने तानाका ११९ पर्यंत गेल्या; त्यांना चॉकलेट आणि कोला आवडे. फ्रान्सच्या जान काल्माँ १२२ वर्षांच्या होऊन १९९७ साली गेल्या आणि शंभरी उलटल्यावरही सिगारेट ओढत होत्या. "त्या अपवाद," सौ. म्हणाली. शंभरीला पोचलेला प्रत्येकजण अपवादच असतो, पण हे मी मनात म्हटलं.

शेवटी आम्ही घरच्याच नमुन्याकडे गेलो: मल्हारगंजातल्या सौ.च्या आत्या. इंदूरचे तुकोजीराव होळकर महाराज गादीवरून उतरले त्या साली जन्म, असं त्यांची आई सांगे, म्हणजे १९२६. आधार कार्डावर मात्र १ जुलै १९३०, कारण शाळेत मास्तरांना तेच सोयीचं वाटलं. इथे मी सौ.ला सॉल न्यूमन यांचं संशोधन ऐकवलं, ज्याला २०२४ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं: शंभरीपार माणसांची गर्दी बरेचदा जन्माच्या नोंदी धड नसलेल्या जागीच दिसते. जपानातही २०१० साली दोन लाखांवर शंभरीकरांची नावं नुसती कागदावर निघाली. माणसांचा पत्ता नाही. काहींची पेन्शन घरचे घेत होते.

"आत्यांची पेन्शन आत्याच मोजून घेतात," सौ. म्हणाली. हे खरं आहे. एकदा त्यांनी बँकेतल्या मुलाला नोटा पुन्हा मोजायला लावल्या होत्या.

सौ.ने वही उघडून विचारलं, "आत्या, तुमच्या दीर्घायुष्याचं रहस्य काय?"

"नळ आला का बघ आधी," आत्या म्हणाल्या.

नळ आला होता. मग त्यांनी चहाबरोबर कचोरी घेतली, अर्धी. उरलेली वाटीखाली झाकून ठेवली, संध्याकाळसाठी. सौ.ने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी कचोरीकडे पाहिलं.

वाड्यात त्यांचा सासरकडचा पुतण्या राहतो, सत्तरीचा. वाडा पुढेमागे आपलाच, या हिशेबात तो कित्येक वर्षं स्वस्थ बसून आहे. त्याला मी काल्माँबाईंची पुढची गोष्ट सांगितली. १९६५ साली, बाई नव्वदीच्या असताना, एका सत्तेचाळीस वर्षांच्या वकिलाने त्यांच्याशी करार केला: बाई असेतो दरमहा २५०० फ्रँक द्यायचे, नंतर घर त्याचं. तीस वर्षं पैसे भरून १९९५ मध्ये वकीलच वारला. तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त रक्कम गेली होती. आणि हप्ते पुढेही घरच्यांना भरावे लागले.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. आता तोही सकाळी फिरायला येतो, आमच्या पुढे, आणि ठेल्याकडे बघतसुद्धा नाही.