आधी नेक, मग लाकूड: एका ग्राहकाच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

म्हापशातील आमच्या दुकानाविषयी आपण लिहिलेला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे. महोगनीची बॉडी आणि वर पट्टेदार मेपलचा टॉप असलेली सव्वादोन लाखांची गिटार घेण्याच्या तयारीने आपण साखळीहून भर पावसात आलात. आम्ही बराच वेळ ॲम्प सुरूच केला नाही. आपण लाकडाविषयी विचारत असताना मी नेकविषयीच, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांडीविषयीच, बोलत राहिलो आणि निम्म्या किमतीची आल्डर या लाकडाची गिटार आपल्या हातात दिली. आपल्याला आवडलेल्या गिटारच्या तारा पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खरखरत होत्या, तरी तो दोष नाही असे सांगितले. आणि पैसे पुढे करूनही ती त्याच दिवशी दिली नाही. लाकडाची जाण नसलेल्याने एवढ्या महाग गिटारी विकू नयेत, असे आपले मत आहे. आमच्याकडे एवढी रक्कम खर्च करणारे बरेच जण गिटार पोटापाण्यासाठी वाजवतात, आपणही कळंगुटच्या हॉटेलांत वाजवता; म्हणून हे उत्तर दोन ओळींत आटोपत नाही.

प्रथम लाकूड. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याच्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार त्या चुंबकीय क्षेत्रात कंप पावली की वेढ्यांत वीज निर्माण होते आणि तीच ॲम्पकडे जाते. बॉडीचे लाकूड आवाजात येते ते आडवाटेने, म्हणजे तारेची ऊर्जा ते किती आणि कोणत्या स्वरांवर शोषून घेते एवढ्यापुरते. तो परिणाम मी नाकारत नाही. पण आपण ज्याला महोगनीचा वॉर्म टोन म्हटले आहे, त्याचे श्रेय बहुतांशी हमबकर या दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचे आहे. आपण तुलना केलेल्या दोन गिटारींपैकी महोगनीच्या गिटारवर हमबकर आणि ५०० किलो-ओहमचे पॉट (आवाज व टोनच्या बटणामागचा रोध) होते, आल्डरच्या गिटारवर सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे पिकअप) आणि २५० किलो-ओहमचे. स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, पहिलीचे ६२८ मिलिमीटर, दुसरीचे ६४८. एवढे सगळे वेगळे असताना त्यातून लाकडाचा फरक वेगळा काढणे कोणत्याही कानाला शक्य नाही.

गिब्सनची लेस पॉल १९५२ साली आली ती महोगनीवर मेपल अशाच बांधणीची, पण तिच्यावर पी-नाइन्टी हे सिंगल कॉइल पिकअप होते. १९५७ मध्ये सेथ लव्हर यांनी तयार केलेला हमबकर तिच्यावर बसला, लाकूड तेच राहिले, आणि आवाज इतका बदलला की वादक आजही या दोन गिटारी वेगळ्याच मानतात. उलट, फेंडरने १९५४ साली काढलेल्या स्ट्रॅटोकास्टरची बॉडी सुरुवातीला ॲशची होती, १९५६ पासून बहुतेक रंगांसाठी आल्डर आले, तरी स्ट्रॅटचा आवाज स्ट्रॅटचाच राहिला. लाकडाच्या नावावर टोनची हमी मी कोणालाही देत नाही, आणि जो दुकानदार देतो त्याला ग्राहकाने आधी पिकअप कोणते ते विचारावे.

नेकविषयी मात्र मी ठामपणे बोलतो. बॉडी जाडजूड असते. नेक लांब आणि बारीक असतो, त्यामुळे तारेबरोबर जास्त हलतो तोच. त्याच्या स्वतःच्या कंपनाशी एखाद्या स्वराचा मेळ बसला की त्या जागी तार आपली ऊर्जा नेकला देऊन टाकते आणि स्वर लवकर विरतो. वादक याला डेड स्पॉट म्हणतात, आणि ॲम्प बंद ठेवला होता तो याच कारणाने. आपल्याला आठवत असेल, आपण निवडलेल्या गिटारच्या ‘जी’ (G) तारेवर एकेक फ्रेट दाबून स्वर पूर्ण विरेपर्यंत ऐकायला मी सांगितले होते. चौथ्या फ्रेटचा स्वर बराच वेळ रेंगाळला, पाचव्याचाही. सहाव्यावर मात्र तो छेडताच मावळू लागला, आणि सातव्यावर पुन्हा पूर्ववत झाला. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) लावलेल्या ॲम्पमधून हे बहुधा लक्षातही आले नसते, कारण तिथे क्षीण झालेला स्वरही वर उचलला जातो. संथ सोलोमध्ये लांबवायचा स्वर नेमका तिथे आला, तर तो आपल्याला दर कार्यक्रमात छळेल. असे स्पॉट महागड्या गिटारींतही थोडेफार सापडतात. म्हणूनच मॉडेलचे नाव पाहून न घेता तो नग स्वतः वाजवून घ्यावा, असा माझा आग्रह असतो.

दुसरी गोष्ट आपल्या हाताची. आपण निवडलेल्या गिटारचा नेक पहिल्या फ्रेटपाशी सुमारे २३ मिलिमीटर जाड आहे, आल्डरच्या गिटारचा २१. कागदावर हा फरक नगण्य वाटतो. पण जाड नेकवर बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे) धरताना आपला अंगठा सारखा वर सरकत होता आणि करंगळी शेजारच्या तारेला लागत होती; पातळ नेकवर तोच हात सैल झाला. हे पाहून मी ती गिटार आपल्याला दिली; आपल्या ऐपतीविषयी माझ्या मनात काहीही नव्हते. मोठ्या पंजाच्या वादकाला जाड नेकच आराम देतो. शिवाय ६४८ च्या स्केलवर त्याच तारा त्याच सुरात लावल्या, तर ताण सुमारे ६ टक्क्यांनी वाढतो आणि बेंडला (तार ओढून स्वर चढवायला) जोर जास्त लागतो. त्या बाबतीत आपली निवड वरचढ आहे, हे मी तेव्हाही सांगितले होते.

आता खरखर. ती गिटार वातानुकूलित गोदामातून नुकतीच आमच्याकडे आली होती. गिटार बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानतात. जुलैत आपल्याकडे ती बहुतेक दिवस ८० च्या वर असते. पावसाळ्यात घराची दारे फुगून चौकटीत अडकतात, तेच नेकमध्ये घडते, फक्त हिशेब मिलिमीटरच्या अंशांचा असतो. नेकला मध्यावर सुमारे पाव मिलिमीटर बाक लागतो. तो नाहीसा झाला की पहिल्या काही फ्रेटवर तार खरखरते. नेकच्या आतल्या ट्रस रॉड या सळईने बाक परत आणता येतो, पण थोडा फिरवून लाकडाला स्थिरावू द्यावे लागते आणि पुन्हा मोजावे लागते. घाईने रॉड सैल करून दिली असती, तर खरखर दुकानात थांबली असती आणि नेक घरी पोचल्यावर सरकत राहिला असता. न स्थिरावलेली गिटार आम्ही कोणालाही देत नाही.

वातानुकूलित हॉल आणि समुद्रकाठचा उघडा मंच यांच्यात ज्याची सतत ये-जा आहे, त्याने लाकडासाठी जास्त पैसे मोजायचेच तर नेकसाठी मोजावेत. रेषा सरळ असलेला क्वार्टर-सॉन कापाचा नेक घ्यावा, किंवा रोस्टेड मेपलचा. हे मेपल कमी प्राणवायूत तापवलेले असते आणि ओल कमी धरते. मेपल टॉपचे पट्टे मलाही मोह घालतात, आणि सौंदर्यासाठी पैसे देण्यात गैर काहीच नाही. फक्त ते टोनच्या खात्यात धरू नयेत.

आल्डरच्या गिटारवरील पॉ फेरो लाकडाच्या फ्रेटबोर्डला (फ्रेट बसवलेल्या पट्टीला) आपण स्वस्तातली तडजोड म्हटले आहे. २ जानेवारी २०१७ पासून फ्रेटबोर्डसाठी वापरल्या जाणाऱ्या रोझवूडच्या उरलेल्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारविषयक कराराचे नियंत्रण आले, आपल्या सह्याद्रीतली शिसवही त्यात होती, आणि काही कंपन्या पॉ फेरोकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सवलत मिळाली. पॉ फेरो घट्ट आणि टिकाऊ लाकूड आहे.

आपली गिटार अजून दुकानात आहे आणि किंमत तीच आहे. नेक स्थिरावला आहे, खरखर गेली आहे. सहाव्या फ्रेटवरचा स्वर मात्र तसाच आहे. त्याच मॉडेलचा दुसरा नग, थोड्या पातळ नेकचा, मी मागवला आहे. दोन्हींवर एकाच मापाच्या तारा चढवून आणि पिकअपची उंची सारखी करून ठेवतो. येताना आपला नेहमीचा ॲम्प आणि केबल आणावी, कारण केबल लांब असली की वरचे स्वर बोथट होतात आणि तुलना फसते. शुक्रवारी बाजारामुळे दुकानापर्यंत ॲम्प आणणे कठीण जाते. इतर कोणत्याही दिवशी सकाळी यावे.